जोरकस मोटारीला कोणता क्लच?

मुंबईहून नाशिकला येताना कसाऱ्याचा घाट लागतो. पावसाळ्यात, सुट्टीच्या दिवशी, किंवा एखादा ट्रक वळणावर आडवा झाला म्हणजे घाटात वाहनांची रांग लागते. रांग चार हात सरकते, थांबते, पुन्हा चार हात सरकते. अशा वेळी गाडीची काच खाली केली की एक वास हमखास नाकात शिरतो. करपट, उग्र आणि बराच वेळ न जाणारा. "कुणाचा तरी क्लच जळतोय," असे शेजारचा ड्रायव्हर म्हणतो, आणि मग प्रत्येक जण मनातल्या मनात आधी आपल्याच गाडीची खात्री करून घेतो.

हा वास पूर्वी मालाने भरलेल्या ट्रकांचा असे. अलीकडे तो पुष्कळदा नव्या, चकचकीत आणि मोठ्या ताकदीच्या मोटारींतूनही येतो. नाशिकला मोटारींचे वेड काही आजचे नाही. सातपूरला महिंद्रांचा कारखाना आहे. राष्ट्रीय रॅली अजिंक्यपदातली 'रॅली ऑफ महाराष्ट्र' नाशिकच्या आसपासच्या कच्च्या रस्त्यांवर अनेकदा झाली आहे. त्या धुरळ्यात उभे राहून गाड्या पाहिलेली मुले आता मोठी झाली, कमावती झाली. त्यांतली काही जण जुनी स्पोर्ट्स मोटार घेतात किंवा असलेल्या टर्बो मोटारीचा संगणक नव्याने जुळवून तिची ताकद वाढवतात. एंजिनाची ताकद वाढते, पण क्लच कारखान्यातून आला तोच राहतो. काही दिवसांनी तो घसरू लागतो, आणि मग प्रश्न येतो की बाजारातला कोणता क्लच बसवावा? आज या प्रश्नाचा थोडा खोलात जाऊन विचार करू.

क्लच करतो काय, ते आधी पाहू. दोन तळहातांमध्ये एक भाकरी धरा आणि हात दाबून गोल फिरवा. हातांबरोबर भाकरी फिरते. पकड ढिली केली की हात फिरतात आणि भाकरी जागच्या जागी राहते. मोटारीत एक हात म्हणजे एंजिनाला जोडलेले फ्लायव्हील, दुसरा हात म्हणजे प्रेशर प्लेट, आणि मधली भाकरी म्हणजे क्लच प्लेट. ही प्लेट गिअरबॉक्सच्या दांड्यावर बसलेली असते. प्रेशर प्लेटमध्ये एक मोठी बशीसारखी स्प्रिंग असते, ती सदासर्वदा दाबत असते. आपण पायाने पेडल दाबतो तेव्हा तो दाब सोडवतो. म्हणजे पाय वर असताना क्लच धरलेला आणि पाय खाली असताना सुटलेला. नवशिक्यांचा इथे नेहमी उलटा समज होतो.

आता मुख्य गोष्ट. दुकानात गेले की पहिला प्रश्न येतो, "गाडी किती अश्वशक्तीची?" आणि डब्यावरही मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते, "500 अश्वशक्तीपर्यंत". माझ्या मते निवडीतली निम्मी चूक या एका प्रश्नात आहे. क्लचला अश्वशक्ती कळत नाही. त्याला कळतो तो टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा पीळ.

दोहोंतला फरक घरच्या जात्यावरून समजेल. जात्याचा खुंटा धरून दगड फिरवायला हाताला जो जोर लावावा लागतो, तो पीळ. त्या जोराने मिनिटाला किती फेरे होतात हे धरून तासाला किती पीठ पडते, ती शक्ती. एखादी बाई जड जाते सावकाश ओढते, दुसरी हलके जाते भरभर फिरवते. पीठ दोघींचे सारखे पडेल, पण खुंट्यावर ताण पहिलीचा अधिक. आपला क्लच त्या खुंट्याच्या जागी आहे.

एक उदाहरण देतो. जपानची होंडा एस 2000 ही दोन माणसांची स्पोर्ट्स मोटार 1999 साली बाजारात आली. अमेरिकेत विकलेल्या तिच्या सुरुवातीच्या नमुन्याची अश्वशक्ती होती 240, पण टॉर्क सुमारे 207 न्यूटन-मीटर. सारी ताकद एंजिन मिनिटाला 8000 च्या वर फेरे घेई त्यातून येई. आता आपल्या नाशकात तयार होणारी थार घ्या. 2020 साली आलेल्या थारचे डिझेल एंजिन 130 अश्वशक्तीचे, म्हणजे होंडाच्या जेमतेम निम्मे, पण टॉर्क 300 न्यूटन-मीटर! म्हणजे निम्म्या अश्वशक्तीच्या आपल्या जीपगाडीला त्या शर्यतीच्या मोटारीपेक्षा जवळजवळ दीडपट दमाचा क्लच हवा. न्यूटन-मीटर म्हणजे किती, असे कुणी विचारील. एक मीटर लांबीच्या आडव्या दांड्याच्या टोकाला साधारण शंभर ग्रॅम वजन टांगले की दुसऱ्या टोकाशी जो पीळ बसतो तेवढा.

क्लच किती पीळ सहन करील हे चार गोष्टींवर ठरते: घासणाऱ्या बाजू किती, त्यांचा खरखरीतपणा किती, स्प्रिंगचा दाब किती आणि घासणारा पट्टा मध्यापासून किती अंतरावर. एक प्लेट म्हणजे दोन बाजू. खरखरीतपणाचा आकडा, ज्याला पुस्तकात घर्षणांक म्हणतात, तो 0.3 धरा. दाब 5000 न्यूटन, म्हणजे शंभर किलोची पाच पोती प्लेटवर ठेवल्यासारखा. आणि अंतर 10 सेंटिमीटर, म्हणजे 0.1 मीटर. चारी आकड्यांचा गुणाकार केला की येतात बरोबर 300 न्यूटन-मीटर. यापेक्षा जास्त पीळ आला की प्लेट घसरणार. बाजारात मिळणारा प्रत्येक "भारी" क्लच या चारांपैकी एखादा आकडा वाढवूनच भारी झालेला असतो, आणि प्रत्येक आकड्याची किंमत वेगळ्या ठिकाणी मोजावी लागते. हे ध्यानात ठेवले म्हणजे दुकानदाराचे निम्मे बोलणे आपोआप उलगडते.

अंतराचे सोडून द्या. क्लचभोवतीचे कवच ठरलेल्या मापाचे असते, त्यात मोठी तबकडी सहसा मावत नाही. राहिले तीन.

दाब वाढवला, म्हणजे अधिक ताठ स्प्रिंगची प्रेशर प्लेट घातली, तर नेहमीच्याच जातीची क्लच प्लेट वापरता येते. गाडी मऊ सुटते, रोजच्या वापराला त्रास नाही. मात्र पेडल जड होते. द्वारका चौकात संध्याकाळी अर्धा तास सरकत काढला तर डावा गुडघा बोलू लागतो. दुसरे असे की पेडल दाबताना तो सगळा जोर रिलीज बेअरिंगवर आणि तिथून एंजिनाच्या क्रँकवर पुढच्या दिशेने पडतो. क्रँकला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या पातळ चकत्या असतात, त्या झिजतात. फार ताठ स्प्रिंग घालून सिग्नलला मिनिट-मिनिट पेडल दाबून उभे राहणाऱ्यांच्या एंजिनाचे आयुष्य अशाने कमी होते. म्हणून सिग्नलला गिअर काढून न्यूट्रल करावा आणि पाय मोकळा ठेवावा. ही सवय साध्या गाडीलाही हितावह.

खरखरीतपणा वाढवण्याचा मार्ग म्हणजे प्लेटचे अस्तर बदलणे. नेहमीचे अस्तर तंतू, राळ आणि तांब्यापितळेच्या तारा यांचे असते. पूर्वी त्यात ॲस्बेस्टॉस असे. (जुन्या गाडीचा क्लच उघडल्यावर आपल्याकडे कॉम्प्रेसरच्या हवेने धूळ उडवतात. तसे मुळीच करू नये. ती धूळ ओल्या फडक्याने पुसावी. ॲस्बेस्टॉसचे तंतू फुप्फुसात गेले की बाहेर येत नाहीत.) यापुढची जात केव्हलारची. हे अस्तर पुष्कळ टिकते आणि मऊही सुटते, पण सुरुवातीला त्याला फार सांभाळून बसू द्यावे लागते, आणि एकदा तापून गुळगुळीत झाले की पकड हरवून बसते. त्याहीपुढे धातू आणि सिरॅमिक यांच्या भुकटीचे भाजून केलेले तुकडे येतात, प्लेटवर बटणे लावावीत तसे चार किंवा सहा. ट्रॅक्टरवाल्या शेतकरी बंधूंना ही प्लेट परिचयाची असेल. ती उष्णता सोसते, पकड जबरदस्त, पण तिला मधली अवस्था फारशी ठाऊक नाही. ती एकतर सुटलेली असते, नाहीतर धरलेली. गाडी सोडताना धक्का बसतो, थरथर होते आणि समोरच्या फ्लायव्हीलचा पृष्ठभागही लवकर खातो.

तिसरा मार्ग बाजू वाढवण्याचा. एकाऐवजी दोन प्लेटा घातल्या की घासणाऱ्या बाजू चार झाल्या आणि दाब तोच ठेवून दम दुप्पट झाला. पेडल हलके राहते. फार मोठ्या टॉर्कच्या मोटारीला मला हाच मार्ग सर्वांत सरळ वाटतो. पण तो महाग आहे, आणि पेडल दाबून उभे राहिले की मधल्या तबकडीचा खडखडाट ऐकू येतो. नवखा मालक तो आवाज ऐकून गाडी थेट गॅरेजात नेतो. तो दोष नसतो.

हे सगळे वाचून कळते, पण वळत नाही. माझ्या ओळखीच्या एका घरातल्या मुलाची गोष्ट सांगतो. त्याने जुनी टर्बो पेट्रोल मोटार घेतली. मूळ टॉर्क 210 न्यूटन-मीटर. संगणक जुळवून तो 290 वर नेला. त्र्यंबक रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये दाबून ॲक्सिलरेटर दिला की एंजिनाचे फेरे चढत, पण गाडी तेवढी पळत नसे. क्लच घसरत होता. हिशेब सोपा आहे. कारखानदार सहसा एंजिनाच्या टॉर्कच्या सव्वापट ते दीडपट दमाचा क्लच देतो. 210 ची सव्वापट म्हणजे साधारण 260. प्लेट थोडी झिजलेली, आणि मागणी 290. तो घसरणारच! त्याला हवा होता 290 च्या सव्वापट, म्हणजे सुमारे 360 न्यूटन-मीटरचा. जरा अधिक दाबाची प्रेशर प्लेट आणि नेहमीच्या जातीचे चांगले अस्तर एवढ्यात काम भागले असते.

पण मुलगा हौशी. त्याने आणला चार बटणांचा, शर्यतीचा. तोही मधोमध स्प्रिंगा नसलेला. साध्या क्लच प्लेटच्या मध्यभागी पाच-सहा छोट्या स्प्रिंगा असतात. एंजिनाचे हिसके त्या गिळतात. या प्लेटमध्ये त्या नव्हत्या, कारण शर्यतीत त्या तुटण्याची भीती असते. झाले असे की गाडी सुटताना बकऱ्यासारखी उड्या मारू लागली. वडिलांनी एकदा चालवली, दोनदा बंद पाडली आणि किल्ली परत दिली. आई म्हणाली, "मी आपली बसनं जाईन." हे हसण्यावारी गेले असते. पण पावसाळा संपण्याच्या आत पुढच्या चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचा सांधा तुटला, तोही गर्दीच्या वेळी उड्डाणपुलाच्या चढावर. मागून ट्रक येत होता. त्याच्या ड्रायव्हरने वेळेवर ब्रेक लावला म्हणून निभावले.

सांधा का तुटला? एंजिनापासून चाकापर्यंत जी साखळी आहे तिच्यात कुठेतरी एक कच्चा दुवा असतोच. घरच्या विजेत फ्यूज असतो ना, तसा. क्लच घसरत होता तोवर जास्तीचा हिसका तो पोटात घेत होता. क्लच न घसरणारा घातला, त्यातल्या स्प्रिंगाही गेल्या, तेव्हा तोच हिसका गिअरचे दात, डिफरन्शियल आणि चाकाचे दांडे यांच्यावर गेला. म्हणून गरजेपेक्षा फार दणकट क्लच हा गुण नसून दोष आहे असे मी म्हणतो. दमाची सव्वापट ते दीडपट शिल्लक ठेवावी. अडीचपट ठेवली की त्या पैशात दुसरा काहीतरी खर्च विकत घेतला.

मग रॅलीत हेच क्लच कसे चालतात? तिथे जमीन सैल असते. हिसका फार झाला की चाके मातीवर घसरतात आणि साखळीवरचा ताण सुटतो. तिथे रांगेत सरकायचे नसते, क्लचचा उपयोग सुरुवातीला आणि गिअर बदलताना क्षणभर. शिवाय मुक्कामावर मिस्त्र्यांची फौज उभी असते, गिअरबॉक्स उतरवणे त्यांना नवलाचे नाही. ती गाडी ट्रेलरवर घरी जाते. आपली गाडी आपल्याला घरी नेते. एवढा फरक लक्षात घ्यावा.

आता पुन्हा घाटात येऊ, कारण आपल्या भागात क्लचचा खरा शत्रू टॉर्क नसून उष्णता आहे. चढावर रांगेत उभे असताना पुष्कळ जण ब्रेक न लावता हाफ क्लचवर गाडी तोलून धरतात. त्यांना वाटते, आपण कौशल्य दाखवतो आहोत. दीड-पावणेदोन टनांची गाडी तीव्र चढावर पहिल्या गिअरमध्ये अशी धरायला क्लचला साधारण 40 न्यूटन-मीटर पीळ द्यावा लागतो. एंजिन 1500 फेरे घेत असेल तर क्लचमध्ये दर क्षणाला सहा किलोवॅटांची उष्णता तयार होते. म्हणजे हजार वॉटच्या सहा विजेच्या शेगड्या एका बंद डब्यात पेटवून ठेवल्यासारखे! पाच मिनिटे असे केले तर कोणता क्लच टिकेल? हँडब्रेक लावावा, पुढची गाडी पुरती गाडीभर सरकू द्यावी, मगच निघावे. ज्याला रोज मुंबई-नाशिक करायचे आहे, त्याने क्लच निवडताना तुकड्यांच्या प्लेटीपेक्षा पूर्ण गोल अस्तराची प्लेट घ्यावी. थोडी-थोडी घसरण सोसत मऊ सुटणे हे तिचे काम आहे. बटणांची प्लेट उष्णता सोसते खरी, पण ती मऊ सुटावी म्हणून माणूस तिला उगीच घसरवत राहतो आणि फ्लायव्हील तापून तडे जातात.

फ्लायव्हीलबद्दल दोन शब्द. पुष्कळांना हलके फ्लायव्हील घालण्याची हौस असते. त्याने एंजिन चटकन फेरे चढवते, हे खरे. पण जड चाकाचा साठवलेला जोरच गाडी सोडताना उपयोगी पडतो. हलक्या चाकाने चढावर गाडी बंद पडते, म्हणून अधिक ॲक्सिलरेटर द्यावा लागतो आणि क्लच अधिक जळतो. नव्या डिझेल मोटारींत आणि काही टर्बो पेट्रोलमध्ये दुहेरी फ्लायव्हील असते, आत स्प्रिंगा असलेले. ते काढून एकसंध बसवले तर पैसे वाचतात, पण गिअरबॉक्स उभ्या गाडीत खुळखुळू लागतो. तसे करायचेच असेल तर क्लच प्लेट तरी मध्यभागी स्प्रिंगा असलेलीच घ्यावी. दोन्हीकडच्या स्प्रिंगा काढून टाकणे म्हणजे त्या मुलाची गोष्ट पुन्हा घडवणे.

पैसे खर्च करण्यापूर्वी क्लच का घसरतो हे नक्की करावे. एंजिनाच्या मागच्या सीलमधून तेल गळून प्लेट भिजली असेल तर जगातला कोणताही क्लच घसरेल. वायरीने चालणाऱ्या क्लचमध्ये पेडलाची मोकळी चाल संपली असेल तर तो अर्धवट दाबलेलाच राहतो. पाय पेडलावर ठेवून चालवण्याची सवयही तेच करते. या तीन गोष्टी नाहीत आणि तरीही वरच्या गिअरमध्ये कमी वेगावर पूर्ण ॲक्सिलरेटर दिल्यावर फेरे एकदम चढतात, तेव्हाच नवा क्लच.

घेताना आकडा टॉर्कचा मागावा, आणि तो कोणत्या मापात आहे ते पाहावे. अमेरिकन माल फूट-पौंडात लिहिलेला असतो. त्याचे 300 म्हणजे आपले सुमारे 407 न्यूटन-मीटर. आपला आकडाही एंजिनाचा आहे की चाकाशी मोजलेला, हे जुळवणाऱ्याला विचारावे. चाकाशी मोजलेला कमीच भरतो. "स्टेज एक, स्टेज दोन" या शब्दांना कुठल्याही मानकाचा आधार नाही. एकाचे दोन ते दुसऱ्याचे तीन. नावाजलेल्या छापाची नक्कल बाजारात पुष्कळ मिळते, तेव्हा पक्की पावती असल्याखेरीज घेऊ नये. आणि परदेशी डबा म्हणजे उत्तमच, असेही नाही. जवळच औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, एक्सेडी या जपानी नावाचा क्लचचा कारखाना आहे.

कायद्याचेही भान असावे. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा स्पष्ट केले. क्लच बदलणे ही दुरुस्ती झाली. एंजिनात काय केले आहे, याचा मात्र आरटीओ आणि विमा कंपनी दोघांशी संबंध येतो.

बसवताना मजुरीचा मोठा भाग गिअरबॉक्स खाली उतरवण्याचा असतो. तेव्हा एकदा तो उतरला की रिलीज बेअरिंग, क्रँकच्या टोकाचे छोटे बेअरिंग असल्यास ते, आणि मागचे तेलसील, हे नवेच घालावे. शे-दोनशे रुपयांच्या सीलसाठी दुसऱ्यांदा गिअरबॉक्स उतरवणारे लोक मी पाहिले आहेत. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा केसासारखे तडे दिसले तर घासून सपाट करून घ्यावे. तडे खोल असतील तर ते बदलावे. नव्या प्लेटला ग्रीसचे बोट लागू देऊ नये. दांड्याच्या खाचांना ग्रीस द्यायचे ते नखभर.

आणि मग पहिले सात-आठशे किलोमीटर गाडी शहरातच चालवावी. कॉलेज रोड, गंगापूर रोड, शालिमार, जिथे थांबत-निघत जावे लागते तिथे. प्लेट आणि फ्लायव्हील यांचे पृष्ठभाग एकमेकांवर हळूहळू घासून जुळतात ते अशाच फिरण्यात. मोकळ्या महामार्गावर नुसते हजार किलोमीटर धावून ते होत नाही, कारण तिथे क्लच वापरलाच जात नाही. त्या मुलाने दुसऱ्या वेळी एवढे पाळले. पंधरा दिवस वडिलांना ऑफिसात सोडायचे आणि आणायचे काम त्याने आपण होऊन घेतले.